त्वचेचा ओलावा आणि नैसर्गिक स्निग्ध पदार्थ : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या अभ्यंगस्नानापासून शिमग्यापर्यंत किनारपट्टीवर काही तक्रारी हमखास ऐकू येतात. टाचा फुटतात, पोटरीवर नख ओढले की पांढरी रेघ उमटते, रात्री अंग खाजते. उपायही घरातच ठरलेला असतो : खोबरेल, मुठेल म्हणजे रातांब्याच्या बियांचे घट्ट तेल, फार तर थोडे तूप. हे उपाय कुठे खरोखर उपयोगी पडतात, कुठे पडत नाहीत आणि त्याची कारणे काय, याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

तेल लावल्याने त्वचेला ओलावा मिळतो का?

मिळत नाही. तेलात पाणीच नसते, त्यामुळे ते त्वचेला पाणी देऊ शकत नाही. अर्विन ब्लँक या अमेरिकी संशोधकाने १९५२ साली ही गोष्ट अगदी साध्या प्रयोगाने दाखवून दिली. वाळून कडक झालेल्या घट्ट्याचा तुकडा तेलात बुडवून ठेवला तरी तो कडकच राहिला. पाणी शोषू दिल्यावर मात्र तो पुन्हा लवचीक झाला. मी हा प्रयोग घरी करून पाहिला आहे. टाचेचे जाड सालपट उन्हात दोन दिवस वाळवून त्याचा अर्धा भाग खोबरेलात आणि अर्धा पाण्यात ठेवला. संध्याकाळी खोबरेलातला तुकडा नखाखाली कट्कन मोडला आणि पाण्यातला रबरासारखा वाकला.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पाण्याचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या खाली गेले की तो थर ठिसूळ होतो आणि त्याला भेगा पडतात. हे पाणी शरीराच्या आतून येते आणि अंघोळीच्या वेळी थोडे बाहेरूनही मुरते. स्निग्ध पदार्थांचे काम ते धरून ठेवण्याचे आहे. ‘त्वचा कोरडी आहे, तेल लावा’ या सल्ल्यात चूक नाही. मात्र ते तेल कोरड्या ठणठणीत अंगावर चोळायचे की ओलसर अंगावर, हा प्रश्न त्यात सुटून जातो आणि फरक नेमका तिथेच पडतो.

मग त्वचेतील नैसर्गिक स्निग्धांश नेमके काय करतो?

कोकणातल्या वाचकाला हे जांभ्याच्या भिंतीवरून लवकर समजेल. त्वचेचा वरचा थर म्हणजे मृत, चपट्या पेशींचे एकावर एक रचलेले पंधरा-वीस पापुद्रे. या पेशी म्हणजे चिरे, आणि चिऱ्यांच्या दर्जांत, म्हणजे सांध्यांच्या फटींत, भरलेला चुना म्हणजे स्निग्धांश. त्वचाशास्त्रातही हीच वीट-चुन्याची उपमा रूढ आहे. या चुन्यात वजनाने सुमारे निम्मे सिरॅमाइड नावाचे स्निग्ध पदार्थ, सुमारे पाव भाग कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः मुक्त मेदाम्ले असतात. कोलेस्टेरॉलचे नाव ऐकून दचकू नये. रक्तवाहिन्यांच्या संदर्भात बदनाम झालेला हा पदार्थ त्वचेच्या बांधणीत आवश्यकच आहे.

हे तिन्ही घटक त्वचा स्वतः तयार करते. वर सरकणाऱ्या पेशी मरण्यापूर्वी आपल्यातील स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म पिशव्या पेशींमधल्या फटींत रित्या करतात आणि त्यांतून पातळ पदरांची चळत तयार होते. आतले पाणी बाहेर पडायचे तर त्याला या पदरांतून वळणावळणाने वाट काढावी लागते. निरोगी प्रौढ माणसाच्या त्वचेतून घामाव्यतिरिक्त दिवसाला सुमारे ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी नकळत उडून जाते. दर्जा रिकाम्या झाल्या की हे प्रमाण वाढते, आणि ज्या वाटेने पाणी बाहेर जाते त्याच वाटेने साबण, मसाला, धूळ आणि जंतू आत शिरतात. कोरड्या त्वचेला खाज का सुटते, याचे उत्तरही बरेचसे यातच आहे.

पाणी धरून ठेवण्यात स्निग्धांशाला पेशींच्या आतली मदतही असते. फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाचे विघटन होऊन जे छोटे घटक बनतात ते पाणी ओढून धरतात. या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होते आणि इसबाची प्रवृत्ती वाढते, हे २००६ साली स्पष्ट झाले. एखाद्या घरात आजोबा, मुलगी आणि नातू अशा तिघांच्याही पोटऱ्या दर हिवाळ्यात खवलेदार दिसत असतील, तर तो तेल लावण्याच्या आळसाचा परिणाम नसून वारसा असण्याची शक्यता मोठी आहे.

चेहऱ्यावर दुपारी जो तेलकटपणा येतो तो हाच का?

नव्हे. तो केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींमधून येतो आणि त्याची घडणही वेगळी असते : त्यात ट्रायग्लिसराइड, मेणासारखे पदार्थ आणि स्क्वालीन असते. भिंतीच्याच भाषेत तो दर्जांतला चुना नसून वरून फिरवलेला रंगाचा हात आहे. म्हणूनच चेहरा तेलकट असूनही त्याखालची त्वचा कोरडी आणि ताणलेली असू शकते.

या ग्रंथी चेहरा, डोके, छाती आणि पाठ येथे दाट असतात, पोटरीवर विरळ असतात आणि तळहात व तळपाय येथे मुळीच नसतात. वयात येण्यापूर्वी त्यांचे काम मंद असते, आणि स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर ते पुन्हा कमी होते. आजीच्या टाचा सुनेच्या टाचांपेक्षा अधिक फुटण्यामागे आयुष्यभराचे अनवाणी चालणे असतेच. शिवाय तळपायाची साल मुळातच जाड, तिला ग्रंथींचे तेल कधीच नाही, आणि वयाबरोबर त्वचेतले सिरॅमाइडही कमी होत गेलेले.

कोकणात हवा इतकी दमट असते, तरी त्वचा कोरडी का पडते?

जून ते सप्टेंबर या काळात बहुतेकांची तक्रार उलटी, म्हणजे ओलीची असते. तिच्याकडे पुढे येऊ. कोरडेपणाचे दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी हे. दिवसा समुद्रावरून खारे वारे येत असले तरी रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात, आणि थंडीत ते कोरडे असतात. पहाटे गारठा असल्यामुळे बंबातले कढत पाणी अंगावर घेण्याचा मोहही याच दिवसांत होतो. गरम पाणी स्निग्धांश सैल करते, साबण तो धुऊन नेतो आणि न्हाणीघरातून बाहेर पडल्यावर कोरडा वारा उरलेले पाणी उडवतो. आता घरोघरी आलेले वातानुकूलन यंत्र हेच काम वर्षभर करते.

दुसरे कारण हवामानाचे नसून कामाचे आहे. बंदरावर मासे निवडणाऱ्या, बर्फात हात घालणाऱ्या आणि बाजारात दिवसभर ओल्या हातांनी मासे कापणाऱ्या स्त्रियांची बोटे वर्षभर फुटलेली असतात. हात सतत पाण्यात असताना ते कोरडे कसे पडतात, असे त्या विचारतात आणि प्रश्न अगदी रास्त आहे. त्वचा पुन्हा पुन्हा भिजून फुगते आणि वाळून आकसते, तेव्हा पेशींमधले स्निग्ध पदर विस्कटतात. मिठाचे पाणी, माशांच्या खवल्यांचे आणि काट्यांचे ओरखडे आणि संध्याकाळी वास घालवण्यासाठी कपड्यांच्या साबणाने घासलेले हात, एवढे झाल्यावर दर्जांत फारसे काही शिल्लक राहत नाही. अशा हातांना कामानंतर एकदा लावलेल्या तेलापेक्षा काम करताना घातलेले हातमोजे अधिक उपयोगी पडतात. आतून सुती आणि वरून रबरी अशी जोडी असेल तर घामाने हात भिजत नाहीत.

साबण टाळावा का?

सरसकट टाळण्याची गरज नाही. घाम साचतो त्या जागा, म्हणजे काखा, जांघा आणि पावले साबणाने धुवाव्यात. पोटऱ्या, हात आणि पाठ यांना चिखल-मातीचा संबंध आला नसेल तर नुसते पाणी पुरते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो, तर नेहमीच्या वडीच्या साबणाचा ९ ते १० असतो. सिरॅमाइड तयार करणारी विकरे आम्लधर्मी वातावरणातच नीट काम करतात, त्यामुळे साबणाने होणारे नुकसान धुतल्यानंतरही काही तास चालू राहते.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. खोबरेलाचा साबण समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही फेस देतो, आणि म्हणून खलाशांसाठी तोच साबण बनवला जात असे. मात्र खोबरेलातल्या लॉरिक आम्ल या ज्या मेदाम्लामुळे हा फेस येतो त्याचाच साबण त्वचेला अधिक रखरखीत करतो. तेव्हा वेष्टनावर ‘खोबरेलयुक्त’ असे लिहिलेले पाहून साबण सौम्य असेल असे समजू नये. तेलाचे गुण तेलापाशी; त्याचा साबण झाला की तो साबणच.

खोबरेल तेल कितपत उपयोगी आहे?

कोरड्या त्वचेसाठी ते चांगले आहे, आणि यामागे केवळ परंपरेचा आधार नाही. फिलिपाइन्समध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात कोरड्या त्वचेच्या ३४ जणांवर खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना केली गेली. दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. खोबरेलात सुमारे निम्मे लॉरिक आम्ल असते आणि बाकीचीही बहुतांश मेदाम्ले संपृक्त असतात, त्यामुळे ते लवकर खवट होत नाही. लॉरिक आम्लापासून बनणाऱ्या काही घटकांना जंतुरोधक गुणही आहेत.

मर्यादा दोन आहेत. पहिली अशी की खोबरेलात लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल अगदी थोडे, जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास असते, आणि त्वचेच्या एका अत्यंत महत्त्वाच्या सिरॅमाइडला नेमके तेच लागते. म्हणजे खोबरेल दर्जांतला चुना होत नाही. तो बाहेरून केलेला गिलावा आहे. गिलाव्याचा उपयोग असतोच, पण भिंत कशावर उभी आहे याचा विसर पडू नये. दुसरी मर्यादा चेहऱ्याची : मुरुमांची प्रवृत्ती असलेल्यांची रंध्रे ते बुजवू शकते.

घाण्याचे आणि कारखान्यातले शुद्ध केलेले, यांत कोरडेपणाच्या दृष्टीने मोठा फरक मानण्याचे कारण नाही. घाण्याच्या तेलाचा वास आवडतो म्हणून ते घ्यावे. ते कारण पुरेसे आहे.

मुठेल म्हणजे काय, आणि टाचांना तेच का लावतात?

रातांब्याच्या, म्हणजे मालवणी बोलीतल्या भिरंडाच्या, बियांपासून काढलेले घट्ट तेल म्हणजे मुठेल. काही ठिकाणी त्याला भिरंडेल म्हणतात. एप्रिल-मेमध्ये सालींची आमसुले घातली की बिया उरतात. त्या धुऊन खडखडीत वाळवतात, फोडून आतला गर कुटतात आणि पाण्यात उकळतात. तवंग वर येतो, थंड होऊ लागला की तो दाटतो, आणि गरम असतानाच मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे वळतात. हे काम पहिल्या पावसाच्या आत उरकावे लागते, कारण ओल लागलेल्या बियांना बुरशी धरते. उत्तम गोळा फिकट पिवळसर-पांढरा, नखाने ओरखडला तर मेणासारखा निघणारा आणि जवळपास बिनवासाचा असतो.

या तेलात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक असते आणि उरलेल्यात मोठा वाटा ओलेइक आम्लाचा असतो. त्यामुळे खोबरेल पंचविसाच्या आसपासच्या तापमानाला पातळ होते, तर मुठेल भर मे महिन्यातही गोळाच राहते आणि अंगाच्या उष्णतेला जेमतेम विरघळते. टाचेसाठी हीच गोष्ट मोलाची आहे. पातळ तेल चादरीला आणि चपलेला पुसले जाते. मुठेल भेगेत जाऊन पुन्हा घट्ट होते आणि रात्रभर तिथेच राहते. तळपायाला स्वतःचे ग्रंथींचे तेल नाही, हे ज्यांना कोणी कधी सांगितले नव्हते त्यांनी नेमक्या याच जागेसाठी सर्वांत घट्ट तेल निवडले. आपल्याकडच्या घरगुती औषधांविषयी मी सहसा एवढा उत्साह दाखवत नाही, पण मुठेलाला तो मान द्यायला हवा.

जुनी पद्धत अशी : रात्री पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून वजरीने हलके घासायचे, टिपून घ्यायचे, पळीत मुठेलाचा तुकडा दिव्यावर धरून वितळवायचा आणि भेगांत सोडायचा. यातले पाय भिजवणे ही खरी किल्ली आहे आणि घाईत नेमके तेच गाळले जाते. वितळलेले मुठेल आधी मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून पाहावे. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी गरम मुठेल भेगेत सोडू नये. पाय भाजल्याचे त्यांना कळतही नाही, आणि पुढचे दुखणे मूळ भेगेपेक्षा कितीतरी मोठे होते. त्यांनी भेग पडण्यापूर्वीच गोळा बोटाने चोळून मऊ करावा आणि तसाच लावावा; भेग पडलीच तर डॉक्टरांना दाखवावी.

करडई, तीळ, मोहरी, ऑलिव्ह यांपैकी कोणते चांगले?

लिनोलेइक आम्ल भरपूर असलेली तेले त्वचेच्या बांधणीला अनुकूल ठरतात, असे दिसते. करडईत ते सुमारे तीन चतुर्थांश असते, तिळात चाळीस टक्क्यांच्या घरात. सूर्यफूल तेलावर बरेच काम झाले आहे. ढाक्यातील एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्याचे मालिश केल्यावर संसर्गाचे प्रमाण घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले.

ऑलिव्ह तेलाची कीर्ती मात्र त्याच्या गुणांपेक्षा मोठी आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ते लावलेल्या प्रौढांच्या त्वचेचे आवरण कमकुवत झाल्याचे आढळले, सूर्यफुलाने तसे झाले नाही. ओलेइक आम्ल सुटे आणि अधिक असले की ते स्निग्ध पदरांत घुसून त्यांची रचना मोडते, हे त्याचे कारण मानले जाते. मोहरीच्या तेलाने उंदरांच्या त्वचेची दुरुस्ती लांबली होती, शिवाय ते चुरचुरते. कोकणात त्याची परंपरा नाही. ती मुद्दाम आणण्याचेही कारण नाही.

तूप लावले तर?

फुटलेल्या ओठांना चालते. शतधौत घृत, म्हणजे तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा फेसलेले तूप, हे खरे तर घरगुती मलमच आहे : तुपात पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकून ते पांढरेशुभ्र आणि हलके होते, त्यामुळे ते थंडही लागते. मात्र त्यात पाणी असल्याने ते फार दिवस टिकत नाही.

पेट्रोलियम जेली नैसर्गिक नाही, म्हणून ती वाईट का?

नाही. पाणी उडू न देण्याच्या कामात ती सर्व तेलांच्या पुढे आहे. तिचा थर हे बाष्पीभवन जवळजवळ पूर्ण थांबवतो, तर बहुतेक तेले ते वीस-तीस टक्क्यांनीच कमी करतात. ती स्वस्त असते, खवट होत नाही आणि तिची ॲलर्जी क्वचितच येते. चिकटपणा आणि उकाडा हे तिचे दोष आहेत, आणि आपल्या हवेत ते लहान नाहीत. रात्री टाचांना आणि हातांना ती लावावी, अंगभर लावण्याच्या भानगडीत पडू नये.

तेल किंवा मलम केव्हा आणि किती लावावे?

अंघोळीनंतर अंग टिपून घ्यावे, खसखसून पुसू नये, आणि त्वचा ओलसर असतानाच तीन-चार मिनिटांच्या आत हलक्या हाताने लावावे. अंघोळीपूर्वी तेल चोळून नंतर साबणाने ते काढून टाकण्याची जी आपली रीत आहे, तिच्यामुळे गरम पाण्यापासून थोडे संरक्षण मिळते, पण पाणी धरून ठेवण्याचा हेतू फारसा साधत नाही. अभ्यंगस्नान वर्षातून एकदा हौसेने करावे. रोजच्यासाठी क्रम उलटा ठेवावा.

प्रमाण म्हणाल तर नळीतून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढे मलम, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. तेल याहून कमी लागते. लावल्यावर त्वचा चमकत राहिली आणि सदऱ्याला डाग पडला तर ते जास्त झाले असे समजावे.

त्वचा फारच कोरडी असेल तर निव्वळ तेलाऐवजी ग्लिसरीन किंवा युरिया असलेले मलम घ्यावे. ते पाणी ओढून धरतात आणि त्यावर स्निग्धांशाचा थर बसतो. सिरॅमाइडयुक्त मलमे महाग असतात. ज्यांना इसब आहे त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ती वापरावीत. साध्या कोरडेपणाला खोबरेल पुरत असेल तर खर्च करण्याची आवश्यकता नाही.

बाळाला रोज तेल लावून न्हाऊ-माखू घालावे का?

हलक्या हाताने अवश्य घालावे. खोबरेल बहुतेक बाळांना सोसते. जोराने रगडणे, बेसन किंवा डाळीच्या पिठाने लव काढण्याचा खटाटोप आणि कान-नाकांत तेलाचे थेंब सोडणे मात्र टाळावे. नाकातले तेल फुप्फुसात उतरू शकते, हे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंना न रागावता पण स्पष्ट सांगावे. टाळू भरताना तेल हळुवार लावावे, दाबू नये. तेल मुरलेल्या दुपट्यांना आग लवकर धरते, म्हणून शेक-शेगडी आणि धुरी यांपासून ती लांब ठेवावीत.

जन्मापासून रोज मलम लावल्याने पुढे इसब टळते, अशी आशा काही वर्षे होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत ती फोल ठरली. कोरडी त्वचा मऊ राहते, एवढाच लाभ धरून चालावे.

पावसाळ्यात चिखल्या झाल्या तर त्यांवर तेल लावावे का?

लावू नये. लावणीच्या दिवसांत पायांच्या बोटांच्या बेचक्यांत जे पांढरट, भिजून सुटलेले कातडे दिसते ते पाण्याच्या अतिरेकाचे दुखणे आहे, आणि त्यात बहुधा बुरशीचाही हात असतो. तेथे स्निग्ध थर दिला की ओल आत कोंडते. शेतातून आल्यावर पाय धुऊन बेचके कोरडे पुसावेत, रात्री उघडे ठेवावेत आणि बरे न वाटल्यास बुरशीनाशक मलम घ्यावे. शेतात उतरण्यापूर्वी, कातडे धडधाकट असताना, तळव्यांना मुठेल चोळणे ही वेगळी गोष्ट झाली. ती योग्यच आहे.

शिबे आणि डोक्यातील कोंडा यांनाही हेच लागू आहे. दोन्हींशी संबंधित असलेली मॅलेसेझिया ही बुरशी स्निग्ध पदार्थांवरच जगते. कोंडा कोरडेपणामुळे होतो असे समजून डोके तेलाने माखणे म्हणजे तिला जेवण वाढणे होय.

काजूच्या कामाने हातांची साल जाते. त्यावर तेलाचा उपयोग होतो का?

काम सुरू करण्यापूर्वी होतो, नंतर फारसा नाही. काजूच्या टरफलातले तेल हे खाण्याच्या तेलांसारखे नव्हे. त्यातील दाहक पदार्थ बिब्ब्यासारखे भाजतात. बिया फोडणाऱ्या स्त्रिया हातांना आधी एरंडेल किंवा खोबरेल लावतात किंवा राख चोळतात. या थराने टरफलाचे तेल कातड्याला सरळ भिडत नाही आणि नंतर धुऊन लवकर निघते. तरी हातमोज्यांना पर्याय नाही. हातमोजे देणे हे कारखानदाराचे काम आहे. मजुरीच्या पैशातून तेलाची बाटली आणणे हे बाईचे काम नव्हे.

आहारातून त्वचेला स्निग्धांश मिळतो का?

मिळतो, आणि तो अनिवार्य आहे. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली उंदरांना स्निग्ध पदार्थ पूर्ण वर्ज्य केलेला आहार दिला तेव्हा त्यांची त्वचा खवलेदार झाली आणि शेपट्यांना खवले सुटले. काही मेदाम्ले शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात, हे त्यातून समजले. लिनोलेइक आम्ल हे त्यांतले त्वचेसाठी सर्वांत महत्त्वाचे.

रोजच्या जेवणात शेंगदाणे, तीळ, शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल असेल तर त्याची उणीव सहसा पडत नाही. निव्वळ खोबरेलावर स्वयंपाक करणाऱ्यांनी त्यात दुसऱ्या तेलाची भर घालावी. बांगडा, तारली, पेडवे यांत ओमेगा-३ मेदाम्ले चांगली असतात. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत तारली इतकी तेलकट होते की तव्यावर वेगळे तेल फारसे लागत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात जवस किंवा अक्रोड यांतून काही भरपाई होते, पूर्ण नाही. मासे खाऊन कोरड्या टाचा बऱ्या होतील, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

आणि भरपूर पाणी प्यायल्याने त्वचा मऊ होते का? तहान भागेल एवढे प्यावे. ज्याच्या शरीरात पाणी पुरेसे आहे त्याने चार पेले अधिक प्याल्याने दर्जा भरत नाहीत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, खाजेने झोप मोडत असेल, मधुमेहाच्या रुग्णाच्या पावलाला कोणतीही भेग पडली असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. कोरडेपणाबरोबर थकवा, वजनवाढ आणि थंडी सोसेनाशी होणे ही लक्षणे असतील तर थायरॉइडची तपासणी करावी. अंगावर कोरडा, फिकट किंवा लालसर चट्टा असून त्या जागी स्पर्श किंवा चटका कळत नसेल, तर ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचे औषध मोफत मिळते आणि लवकर सुरू केल्यास व्यंग टळते. अशा चट्ट्यावर महिनोन् महिने तेल चोळत राहिलेली माणसे मी पाहिली आहेत.

मुठेल आणि खोबरेल किती दिवस टिकते?

मुठेलाचे गोळे कोरड्या बरणीत ठेवले तर पुढचा हंगाम येईपर्यंत सहज टिकतात. खोबरेलाला ओल लागू देऊ नये. पाण्याचा अंश राहिला की त्याचे विघटन होऊन साबणासारखा वास येतो. म्हणून ओल्या हाताने बाटलीत बोट घालू नये, लहान बाटलीत थोडे थोडे काढून घ्यावे. करडई आणि जवस यांची तेले प्रकाशाने आणि उष्णतेने लवकर बिघडतात, ती फडताळात ठेवावीत. खवट तेल त्वचेला चुरचुरते, तेव्हा ते अंगाला लावू नये. तुळशीपुढच्या पणतीत ते छान जळते.